नावं येत होती, गाणं चालू होतं

इंझोरी
१४ जुलै २०२५

दादा,

एखादं गाणं आपल्याला आवडतं ते त्या गाण्यामुळे, की ज्याच्याजवळ बसून आपण ऐकायला शिकलो त्या माणसामुळे? कालपासून हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. तुला येत असेल तर कळव.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस. आईचे गुडघे दुखतात म्हटलं तरी अंगठा, मला क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं म्हटलं तरी अंगठा. शेवटी वैतागून कारंज्याच्या पोस्टातून पाकिटं घेऊन आले. पत्राला अंगठा देता येत नाही.

तर काल काय झालं ते सांगते. मी ज्या क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तिथेच ज्योत्स्ना गणित शिकवते. तिला परदेशी सिनेमांचा नाद आहे. काल रविवार, क्लासला सुट्टी, सरांनी प्रोजेक्टर वापरायला दिला. मोठ्या खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही दोघींनीच सिनेमा पाहिला. कुठल्यातरी थंड देशातल्या, एका लहान स्टेशनावर सिग्नल देणाऱ्या माणसाची गोष्ट. खाली इंग्रजी ओळी यायच्या. अर्धं मला कळलं, अर्धं ज्योत्स्नाने सांगितलं. शेवटी ते स्टेशनच बंद होतं. तो माणूस दिवा विझवतो, टोपी खुंटीला लावतो आणि निघून जातो. पडदा काळा होतो.

मग नावं वर सरकायला लागली आणि गाणं सुरू झालं.

ज्योत्स्ना सतरंज्या काढायला उठली. "चाल वं, तुयी गाडी जाईन," म्हणाली. मी बसून राहिले. आधी ऑर्गनचा एकच सूर होता, दूरवर कुणाचं तरी इंजिन चालू असावं तसा. त्यावर ड्रम आला, पण असा की मी पायाने ठेका धरला की तो एक पाऊल पुढे निघून जायचा. मग सगळं एकदम थांबलं. मला वाटलं संपलं. तर बासरी आली, एकटीच. आणि बासरीच्या मागून पुन्हा तोच ऑर्गन, आता अगदी जवळ आलेला, अंगावर येणारा.

"हे काय गानं हाये? कवा संपते?" ज्योत्स्ना म्हणाली.

मी तिला हाताने गप्प केलं, कारण हे मी ऐकलेलं होतं. हे गाणं नव्हे. ही तऱ्हा. आपल्या मागच्या खोलीच्या पत्र्याच्या दाराआडून, बारावीचा अभ्यास करताना, रोज. तू कीबोर्डवर काहीतरी सुरू करायचास, ते अर्ध्यात सोडून दुसऱ्याच गावाला जायचास आणि मी पुस्तक मिटून वाट पाहायचे की हा परत कधी येतो. आणि तू यायचास. आई म्हणायची, "याले एक गानं धड पुरं करता येत नाई." मलाही तेव्हा वाटायचं की तू चुकतोस आणि चूक झाकायला पुढे जातोस.

मोबाईलला ऐकवून गाण्याचं नाव शोधलं. पन्नासेक वर्षांपूर्वीचा इंग्लंडमधला बँड आहे. नाव एवढं विचित्र आहे की मराठीत लिहिलं तर तू हसशील. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. सिनेमात होता तो फक्त तुकडा. अख्खं गाणं एवढं मोठं आहे की पूर्वीच्या तबकडीची एक बाजू त्यातच भरायची.

घरात पदवी पहिल्यांदा मी घेतली म्हणून बाबा सगळ्यांना पेढे वाटत फिरले. ती घेता यावी म्हणून "पुनीले अमरावतीले जाऊ द्या" असं बाबांना ठणकावून कोण म्हणालं होतं ते मला माहीत आहे. त्याचे आभार मानायचे राहून गेले. काल आणखी एका गोष्टीचे आभार त्यात जमा झाले. त्या खोलीत दोघी होतो, कान दोघींनाही होते, पण ते गाणं मला ऐकू आलं, कारण तू मागच्या खोलीत वाजवायचास. म्हणून हे पत्र.

बाबांना पत्राबद्दल सांगितलेलं नाही.

पुनी


इंझोरी
३ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "पत्र मिळालं. मी ते सगळं सोडलं आता." अंगठ्यापेक्षा बरं. पण दुसरं वाक्य वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

सोडलं म्हणजे काय, हे मला खरंच कळत नाही. चाकणच्या कंपनीतून आल्यावर खोलीवर तुझी बोटं टेबलावर चालत नाहीत? जेवताना ताटाच्या काठावर चालत नाहीत? आई अजून म्हणते, प्रसेनजितच्या ताटाचा आवाज वेगळा होता.

मी सोडलेलं नाही. मी तर आत्ता धरलं आहे. कारंज्याहून येताना एसटीत खिडकी मिळाली की हेच ऐकते. एका गाण्यात अख्खा रस्ता संपतो. वाचलंही पुष्कळ. ती पोरं तीन मिनिटांच्या गाण्यांना कंटाळली होती. त्यांना वाटलं, गाण्याने एवढ्यात का थांबायचं? म्हणून त्यांनी ताल मध्येच बदलले, चर्चमधले सूर घेतले, गोष्टी घातल्या. पुष्कळ लोक त्यांना हसले. हे करायला त्यांच्यापाशी मोठमोठी वाद्यं होती, स्टुडिओ होते. तुझ्यापाशी दोन पट्ट्या न वाजणारा कीबोर्ड होता आणि तू हे कुणाचंही न ऐकता केलंस. की ऐकलं होतंस? खरं सांग.

आता जे आपण कुणीच बोलत नाही ते लिहिते. मी त्या दिवशी नव्हते, अमरावतीला शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. त्यामुळे मला घरच्यांनी जे सांगितलं तेच मांडते. चुकलं तर दुरुस्त कर.

जयंतीचा कार्यक्रम. विहारासमोर मांडव. आपली समता गायन पार्टी. गायला बाबा, राजपाल काका ढोलकीवर, तू कीबोर्डवर. गाण्याच्या मध्ये बाबांनी तुला थोडं वाजवायला दिलं आणि तू तुझं ते सुरू केलंस, मागच्या खोलीतलं. तेवढ्यात वस्तीतली भागिरथा आजी भेटीची नोट घेऊन पुढे आली. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू? कुणी भेट द्यायला उठलं की गाणं थांबतं, देणाऱ्याचं नाव माइकवर घेतलं जातं, पार्टी आभार मानते आणि मग गाणं पुढे जातं. बाबांनी हात वर केला. तू थांबला नाहीस. मान खाली घालून वाजवत राहिलास. आजी नोट धरून उभी. बाबांनी पुन्हा खुणावलं. मग ते उठले आणि त्यांनी कीबोर्डची वायर ओढून काढली. सगळ्या गावासमोर. आणि आजीचं नाव माइकवर तीनदा घेतलं.

त्याच आठवड्यात तू चाकणला गेलास. कीबोर्ड इथेच आहे, आईने गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवला आहे.

मी परीक्षा देऊन आले तेव्हा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ज्या बाईनं जनमभर दुसऱ्याच्या वावरात निंदन केलं, तिचं नाव कोन घेते? आलंच त अशा एका दिवशी ते भोंग्यावर येते. अन् मायाच पोरगा तिले उभी ठेवते? त्यानं येऊन तिची माफी मागाव. मंग घरात याव." हे ऐकून मला वाटलं, बाबा बरोबर आहेत. मग तुझं आठवलं, फोनवर एकदाच बोलला होतास तेवढं: "त्यांनी सगळ्यांसमोर वायर काढली. त्यांनीच बोलवावं." तेही बरोबर वाटलं. दोन्ही बरोबर असताना दोन वर्षं घर अर्धं का आहे?

त्या सिनेमातली एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. शेवटी जी नावं सरकत होती ती मी वाचत होते. नट-नट्यांची संपली तरी नावं येतच होती. सुतार. गाडी चालवणारे. स्वयंपाक करणारी बाई. सगळ्यांची नावं आली आणि गाणं कुणासाठीही थांबलं नाही. मला हे कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुला सांगितलं.

पुनी


इंझोरी
२४ ऑगस्ट २०२५

दादा,

हे पत्र शांतपणे बसून वाच. कंपनीच्या गाडीत वाचू नकोस.

वर्षावास चालू आहे. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. यंदा वाचायचं काम मला दिलं आहे. "पदवीधर पोरगी हाये, तिचा आवाज लागू द्या," असं सगळ्यांनी ठरवलं. पहिल्या दिवशी ओळी चुकत होत्या, आता सवय झाली. बायका पुढे बसतात आणि भागिरथा आजी माझ्या अगदी गुडघ्याशी बसते, कारण तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

शुक्रवारी वाचन झालं. सगळे गेले. आजी पायाला मुंग्या आल्या म्हणून बसून होती. मी तिचे पाय चोळून देत होते. एकदम मनात आलं आणि विचारून टाकलं.

"आजी, तू दादावर अजून नाराज आहेस का?"

"कोन्या दादावर?"

"आमच्या. प्रसेनजितवर. त्या जयंतीला तुला उभं ठेवलं म्हणून."

आजीने पाय ओढून घेतला. "कायची नाराज वं बाई? कोनं सांगतलं तुले?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्याईले काय मालूम? मी नोट घेऊन उठली ते त्याच्या बाज्यासाठीच त उठली."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी उजव्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं. ती चिडली.

"बयरी नाई मी. तो वाजवून राह्यला होता ना, तेच्यासाठी. निंदताना वरून इमान गेलं की मान आपोआप वर होते का नाई? तशी मायी मान वर झाली. म्हनलं, हे काय वाजवून राह्यला हा? मले काई समजलं नाई. पन उठाव वाटलं. म्हनलं नोट त्याच्या बाज्यावर ठेवाव अन् गुपचूप येऊन बसाव."

"पण तो थांबला नाही. तुझ्याकडे पाहिलंही नाही."

"कामात होता त. निंदन करनारीले कोनी मधातच आवाज देल्ला त ते तरी पाह्यते का?"

तिनेच पुढे सांगितलं. "मंग तुया बापानं, देवमननं, वायरच उपटली. मी मनात म्हनलं, बापा, हे काहून केलं यानं? पन मंग त्यानं मायं नाव घेतलं, तीनदा. खोटं कायले बोलू, बरं वाटलं मले. भोंग्यावर मायं नाव पयल्यांदाच आलं. म्हनून गप बसली. पन तो बाजा बंद झाला ते काई चांगलं नाई झालं. पुढं काय होतं ते राहूनच गेलं."

"आजी, मग दोन वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मले इचाराले कोन आलं?"

दादा, कुणीच गेलं नव्हतं. बाबा तिच्या मानासाठी भांडले, तू तुझ्या वाजवण्यासाठी भांडलास, आई दोघांसाठी रडली आणि मी दोघांचं बरोबर म्हणत बसले. जिच्यावरून हे सगळं झालं ती चार घरं सोडून राहते. तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

मी तिचे दोन्ही हात धरले आणि "आजी, तुझे उपकार" असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "उपकार राहू दे, मले उठव पयले."

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याआधी हे तुला कळावं असं वाटलं. तुझ्या बाजूने कुणीतरी उठून उभं राहिलं होतं, दादा, आणि तू मान खाली घातली होतीस.

पुनी


इंझोरी
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

"भागिरथा आजी बरी आहे का?" एवढा तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. आईने तो मला पुन्हा वाचायला लावला. आजी बरी आहे. तुझा निरोप सांगितला तर म्हणाली, "त्याले म्हना, बरी असाले काय झालं?"

बाबांना सांगितलं. संध्याकाळी वावरातून येऊन ते हातपाय धूत होते. मला वाटलं होतं रागावतील. ते पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकत राहिले.

"म्हातारी आता सांगून राह्यली?"

"आता विचारलं, बाबा."

तांब्यातलं पाणी त्यांनी झाडाच्या बुडाशी ओतलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात न जाता आजीच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आईने फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "चाय देल्ला तिनं."

त्याच दिवशी संध्याकाळी ओसरीवर राजपाल काका आले होते. बाबा मला म्हणाले, "पुने, ते तुयं इंग्रजी गानं लाव बरं."

त्यांना कसं कळलं? आईने सांगितलं असणार. आईला कसं कळलं ते विचारू नकोस. माझी पत्रं पाकिटात जाण्याआधी उशीखाली असतात.

आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवला. ऑर्गन सुरू झाला. राजपाल काकांनी मांडीवर ठेका धरला, सोडला, पुन्हा धरला.

"याले ठेका हाये का नाई?" ते म्हणाले. "आता देल्ता, आता काढून घेतला."

गाणं थांबलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. "चांगलं होतं. संपलं."

"संपलं नाही काका."

बासरी आली. पुन्हा थांबलं. काकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "आता संपलं."

"अजून नाही."

"याची माय! हे गानं हाये का सरकारी काम हाये?"

आई आतून हसली. बाबा हसले नाहीत. पातेल्याकडे पाहत बसले होते. मग म्हणाले, "याच्यात नोट द्याले जागाच नाई."

मी तेव्हा त्यांना सिनेमातल्या नावांचं सांगितलं. सुताराचं, ड्रायव्हरचं, स्वयंपाकाच्या बाईचं.

"सैपाक करनारीचं बी नाव?"

"हो."

"अन् गानं थांबलं नाई?"

"नाही बाबा. नावं येत होती, गाणं चालू होतं."

गाणं पुढे गेलं. शेवटाच्या जरा आधी एक जागा आहे, तू ऐकलंस तर तुला कळेल. बाकी सगळं मागे हटतं आणि ऑर्गन एकाच सुरावर उभा राहतो. बाबांनी बोट वर केलं.

"इथं. इथं नाव घेता येते."

"मंग सांगा त्या इंग्रजाईले," राजपाल काका म्हणाले.

मी गाण्याची लिंक तुला त्याच वेळी पाठवली होती. तुझं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि मी ते क्लासच्या जिन्यात उभी राहून वाचलं. "हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. पुने, हे लोक थांबत नाहीत ग." मग लगेच दुसरं: "दोनदा ऐकलं." मग तिसरं: "त्या शेवटच्या जागी मी असतो तर सूर बदलला असता."

ज्योत्स्ना वरून उतरत होती. म्हणाली, "काय झालं वं? रडून काहून राह्यली?" मी म्हटलं, "माझ्या भावाने सोडलेलं नाही."

मी फार स्वप्नाळू आहे असं तू नेहमी म्हणायचास. असेन. पण मला वाटतं, आपल्या गाण्यातही अशी जागा असू शकते. माणसाचं नावही घेतलं जाईल आणि सूरही तुटणार नाही. ती जागा कुणीतरी बांधावी लागेल. बाबांना ते येत नाही. राजपाल काकांना तर मुळीच येत नाही. एवढंच लिहिते.

पुनी


कारंजा बसस्टँड
९ ऑक्टोबर २०२५

दादा,

हे पत्र घाईत लिहिते आहे. वही मांडीवर आहे, अक्षर समजून घे.

वर्षावासाचा समारोप झाला. विहारात खीर होती, अख्खं गाव आलं होतं. संध्याकाळी आपल्या पार्टीची गाणी. बाबांनी सुरुवातीलाच माइकवर सांगितलं, "आज भेट देनाऱ्याईनं याव, नाव घेतलं जाईन, पन गानं थांबनार नाई." लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मी पुढेच बसले होते. माझीच परीक्षा असल्यासारखी, ताठ.

पहिलं नाव छान गेलं. बाबांनी पेटीवर एक सूर धरून ठेवला, राजपाल काकांनी ढोलकी हळू केली, बाबांनी नाव घेतलं आणि परत गाण्यात आले. दुसरंही जमलं. मग एकदम चारपाच जण उठले. बाबा नावं घेता घेता कडवं विसरले. राजपाल काका पुढे निघून गेले, बाबा मागे राहिले, एका माणसाचं नाव गाण्याच्या चालीतच म्हटलं गेलं आणि पोरं खो खो हसायला लागली. बाबांनी पेटी थांबवली. मला वाटलं आता चिडतील.

ते माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आमचा प्रसेनजित असता त हे जमलं असतं. हे त्याचं काम हाये. मायं नाई."

भोंग्यावर, दादा. आपल्या विहाराचा भोंगा कुठपर्यंत ऐकू जातो ते तुला ठाऊक आहे. आई खीर वाढत होती. तिने पळी पातेल्यात तशीच सोडली आणि उभी राहिली. समोरचा माणूस वाटी धरून बसलेला.

आणि बायकांमधून भागिरथा आजीचा आवाज आला, "मंग बोलाव ना त्याले! आमाले कायले सांगतं?"

सगळे हसले. राजपाल काका सगळ्यात जोरात. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुढचं गाणं घेतलं.

काल सकाळी ते ओट्यावर बसून सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. मी चहा घेऊन गेले. तुझ्यासाठी काय बोलायचं ते मी मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, तुझी बाजू, त्यांची बाजू, सगळं. मग आजीचं बोलणं आठवलं आणि मी ते सगळं बाजूला ठेवून नुसतं विचारलं, "बाबा, दादाकडे जाता का?"

दाभण थांबलं नाही. एक टाका घालून झाला, मग दुसरा. मग ते म्हणाले, "गाडी कवा हाये?"

मला दोन वर्षं वाटत होतं की या प्रश्नाचं उत्तर फार अवघड असेल.

आईने रात्रीच शेंगदाण्याची चटणी कुटली आणि सकाळी भाकरी बांधून दिल्या. बाबांनी पांढरा सदरा घातला आहे, समारोपाचाच. स्टँडवर येताना मला दोनदा म्हणाले, "त्यानं बोलावलं नाई मले." मी म्हटलं, "तुम्हीही त्याला बोलावलं नाही. आता कोण मोजणार?" मग म्हणाले, "काय बोलू त्याच्याशी?" मी म्हटलं, "काही बोलू नका, ती जागा दाखवा. शेवटाकडची." त्यांनी मान हलवली. ती जागा त्यांच्या मोबाईलमध्ये मी काढून दिली आहे, बटण कुठे दाबायचं तेही शिकवलं. बहुतेक विसरतील. तू दाब.

तुला मात्र मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू "बघू" म्हणाला असतास आणि ते बघणं दिवाळीपर्यंत चाललं असतं. त्याबद्दल रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मी सहन करीन. माझ्या शिक्षणासाठी तू किती जणांचा राग सहन केलास ते मला पाठ आहे.

पुण्याची गाडी लागली आहे. बाबा खिडकीशी बसले आहेत आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत. कंडक्टर सांगून थकला. चाकणला कुठे उतरायचं, तुझी खोली कोणत्या गल्लीत, सगळं त्यांना कागदावर लिहून दिलं आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घडी घालून बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवते. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ते तुझ्यासमोर उभे आहेत. वाचून झालं असेल तर त्यांच्या हातातली पिशवी घे.

पुनी